उकंडा, टिप आणि देवळाली

मुलगी शिकायला बर्मिंगहॅमला गेली, त्याला आता चौदा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. घरमालकीण खोलीत डोकावली आणि म्हणाली, तुझी खोली म्हणजे टिप आहे. "बाबा, मला वाटलं टिप म्हणजे बक्षिसी. खोली आवडली असेल म्हणून मी थँक्यू म्हणाले. मग तिनं दारात झाडूच आणून ठेवला."

अंबडला एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. काळ, प्रयोग, पत्रलेखन, सगळं पोरांकडून घोटून घेतलं. पण हा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. त्या रात्री शब्दकोश काढून बसलो आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक दोनशेपानी वही आणली. डाव्या पानावर इंग्रजांचे शब्द लिहायचे. घाणेरड्या, कोंदट, नकोशा जागांना ते लोक बोलताना जे म्हणतात ते. उजव्या पानावर आपले, शक्यतो अंबड-जालन्याकडचे. पोरीला परक्या गावात कुणी काही बोललं तर तिला ते कळावं, एवढाच हेतू होता. वही आता भरत आलीय. तिच्या नादानं जे शिकलो ते इथं क्रमानं मांडतो.

आधी एक सांगून ठेवतो. अंबड म्हटलं की पुष्कळांना नाशिकची एमआयडीसी आठवते. आमचं अंबड जालना जिल्ह्यातलं, मत्स्योदरी देवीचं. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देवी बसलीय आणि खाली कापूस-मोसंबीचा तालुका पसरलाय.

१. शब्दावर हसण्याआधी तो कुठून आला ते विचारावं

टिप म्हणजे कलंडवणं. गाडी मागं उलाळ करून माल ओतायचा, ती जागा म्हणजे टिप. आपल्याकडं बैलगाडीतून शेणखत असंच रिकामं करतात. इंग्लंडात गावाचा कचरा ओतायच्या जागेला टिप म्हणू लागले आणि तिथून तो शब्द पसारा पडलेल्या खोलीला चिकटला. घरोघरी आया आपल्या पोरांना हेच बोलतात. घरमालकीण फार काही लागट बोलली नव्हती, हे मुलीला सांगितल्यावर तिला धीर आला.

पण शोधता शोधता मी वेल्समधल्या एबरफॅन गावापाशी पोचलो. कोळशाच्या खाणीतून निघालेला टाकाऊ माल डोंगरावर ओतायचे, त्या ढिगालाही टिपच म्हणत. सात नंबरचा ढीग झऱ्यांच्या जागेवर रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, पाऊस पिऊन जड झालेला तो ढीग घसरला आणि पँटग्लास शाळेवर आला. शाळा नुकतीच भरली होती. १४४ माणसं गेली. त्यांतली ११६ लेकरं होती.

मी शाळामास्तर. सकाळी हजेरी घेताना वर्ग कसा दिसतो हे मला माहीत आहे. कोण अजून दप्तर उघडतोय, कोण खिडकीबाहेर बघतोय. ते वाचल्यापासून टिप हा शब्द मला गमतीनं वापरता आला नाही. वहीत त्याच्यापुढं अर्थ एका ओळीत लिहिलाय आणि खाली एबरफॅनची तारीख.

२. उकंड्याला घाण म्हणू नये

पुस्तकात उकिरडा, आमच्याकडं उकंडा. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्याची जुनी प्रत मी चाळतो तेव्हा एक गोष्ट जाणवते. परक्या मुलखातून आलेल्या त्या माणसानं आपल्या शेणाकेराचे शब्दही देवाधर्माच्या शब्दांइतक्याच आस्थेनं टिपून ठेवलेत. आपल्याच लोकांना मात्र ते उच्चारताना ओशाळं वाटतं.

आमच्या घरामागं उकंडा होता. माय पहाटे गोठा झाडायची. चांगलं शेण गोवऱ्यांना बाजूला निघायचं. बाकीचं शेण, मुतानं भिजलेला कडबा, बैलांनी सोडलेली चघळ, चुलीतली राख, घरातला केर, सगळं पाटीत भरून उकंड्यावर. वरून पाहिलं तर वाळका, करडा ढीग. उन्हाळ्यात गाड्या भरायला वडील फावड्यानं उकरायचे तेव्हा आतला थर काळाभोर, भुसभुशीत निघायचा. हात घातला तर ऊब लागायची. वास घाणीचा नसायचा, पहिल्या पावसाच्या मातीच्या जवळपासचा असायचा. मृगाच्या आत तो सगळा रानात पडला पाहिजे अशी घाई असे. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा बैल, भांडी आणि रान वाटून झाल्यावर उकंड्यातही रेघ मारली गेली, ती मी पाहिलीय. दिवाळीत माय एक पणती उंबऱ्यावर, एक तुळशीपाशी आणि एक उकंड्यावर ठेवायची. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असं आपण म्हणतो. मायच्या घरी ते दर वर्षी फिटत होते.

हे बिघडलं ते प्लॅस्टिक आल्यावर. दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, लेकराचं डायपर उकंड्यात पडू लागलं आणि उकंडा कुजायचा थांबला. मोसंबीच्या बागेला शेणखताची ट्रॉली टाकली की पुढं चार दिवस आळ्यातून पिशव्या वेचत बसलेला शेतकरी आता कुठल्याही शिवारात दिसतो. वाकून, एकेक पिशवी मातीतून ओढत. खत कुजलं नाही, फळ गळालं, तर नाव मात्र उकंड्याचं खराब होतं. खरं तर त्या ढिगाला आता उकंडा म्हणूच नये, कचऱ्याचा ढीग म्हणावं. उकंडा हा कमावलेला माल होता.

बर्मिंगहॅमला मुलीच्या अंगणात झाकणाची एक मोठी पेटी आहे. भाजीची देठं, चहाचा चोथा, गवत तिच्यात जातं. घरात त्या पेटीला उकंडाच म्हणतात. तेवढ्यानंही मला बरं वाटतं.

३. ज्याची लाज वाटते ते आधी स्पष्ट बोलावं

वहीत सगळ्यात जास्त पानं या एका गोष्टीनं खाल्ली. इंग्रज संडासाला लू म्हणतात, बॉग म्हणतात. बॉग म्हणजे खरं तर दलदल. जुन्या बायका "एक पेनी खर्चून येते" असं म्हणायच्या, कारण सार्वजनिक संडासाचं दार पेनीचं नाणं टाकल्यावर उघडायचं. आपल्याकडं बाहेर जाणं, परसाकडं जाणं, पांदीला जाणं, टमरेल घेणं. आणि ती जागा म्हणजे गोदरी, हागणदारी. शब्द आडून येत असले तरी गोष्ट रोजची होती.

नोकरीची पहिली वर्षं मी एका खेड्यातल्या शाळेत काढली. शाळेला भिंती होत्या, फळा होता, मुलींसाठी संडास नव्हता. सातवीतली एक मुलगी दुपारनंतर हमखास डोकं धरून बसायची. मी तिला आळशी समजून दोनदा उभं केलं. शेवटी माझ्या बायकोनं तिच्याशी बोलून घेतलं. पोरगी सकाळी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घेत नव्हती, म्हणजे दिवसभर जावं लागू नये. घरच्या बायका तर अंधार पडायची वाट बघायच्या. रस्त्याकडेला बसलेल्या, आणि गाडीचा दिवा अंगावर आला की ताडकन उभ्या राहिलेल्या. मराठवाड्यात एसटीनं रात्रीचा प्रवास केलेल्या प्रत्येकानं त्या पाठमोऱ्या रांगा पाहिल्यात, आणि प्रत्येकानं मान वळवलीय. एवढ्या मोठ्या हालासाठी आमच्याकडं शब्द कोणता, तर "बाहेर जाणं". त्या शब्दात ना अंधार येतो, ना साप-विंचू, ना ती तहान.

२०००-०१ साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री होते. त्यानंतर हागणदारीमुक्त हा शब्द सरकारी कागदावर आला, भिंतींवर रंगला, पुढं २०१४ च्या स्वच्छ भारत मोहिमेत तर ग्रामसभेच्या ठरावातही आला. पहिल्यांदा तो शब्द प्रार्थनेनंतर मला पोरांसमोर वाचायचा होता. माझी जीभ अडखळली. काही शिक्षकांनी सुचवलं, सर, "उघड्यावर शौचास" म्हणा, बरं दिसेल. मी मूळ शब्दच वाचला. पोरं हसली. आठवड्याभरात हसणं बंद झालं आणि पोरं घरी जाऊन बापाला तोच शब्द ऐकवू लागली. शौच म्हटलं की गोष्ट पुस्तकात जाते, हागणदारी म्हटलं की ती आपल्या पांदीत येते. ज्यानं कुणी तो शब्द सरकारी कामात धीरानं घेतला त्याला भाषा कळत होती.

ज्यांच्या नावानं अभियान होतं, ते गाडगेबाबा १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांची रीत अशी की गावात आल्या आल्या खराटा हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनात ते लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लोकांच्याच तोंडून काढायचे. सभ्य शब्दांच्या मागं ते कधी लपले नाहीत.

४. एकाचं नकोसं ठाणं दुसऱ्याची हवापालटाची जागा असते

या वहीनं मला दिलेली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट नाशिकजवळची निघाली. कुणाचं डोकं फिरलं, तर इंग्रज म्हणतात तो डुलाली झालाय. हा डुलाली म्हणजे आपली देवळाली.

१८६१ साली ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी उभारली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी परतायला तिथं गोळा व्हायचे. सैनिकांची जहाजं थंडीच्या दिवसांतच सुटायची. ज्याची मुदत मार्चच्या शेवटी संपली तो उन्हाळाभर, पावसाळाभर छावणीत पडून राहायचा. काम नाही, घरचं तोंड नाही, बंदूकही काढून घेतलेली. कुणी दारूच्या नादी लागलं, कुणाला हिवताप धरला, काहींच्या डोक्यावर परिणाम झाला. या अवस्थेला त्यांनी नाव दिलं डुलाली टॅप. यातला टॅप म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायानं १९३६ च्या आपल्या आठवणींत या छावणीबद्दल लिहून ठेवलंय. पुढं ताप गळून पडला आणि नुसती देवळाली उरली. आज ज्याला नाशिक कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नाही असा इंग्रजही रोजच्या बोलण्यात आपल्या गावाचं नाव घेतो.

मी मुद्दाम देवळालीला गेलो. कॅम्पातले रुंद रस्ते, जुनी झाडं, बैठे बंगले. मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तिथं हवापालटाला येतात, आरोग्यभुवनात महिना-महिना राहतात. ज्या हवेत गोऱ्या शिपायाचं डोकं फिरत होतं, तीच हवा छातीच्या दुखण्याला औषध म्हणून डॉक्टर लिहून देत. एका पडवीत एक म्हातारबाबा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना डुलाली शब्दाबद्दल विचारायचं मनात होतं, पण त्यांची झोप मोडवेना.

शिपायांवर मी रागावू शकत नाही. विशी-बाविशीची गरिबाघरची पोरं ती. त्यांच्या शब्दात गावाची निंदा कमी आणि घरची ओढ जास्त आहे. पण देवळालीच्या माणसाचा त्यात काय दोष होता? त्याचं गाव बसल्याजागी वेडाचं नाव झालं.

५. आपले शब्दही तिकडं जाऊन काळवंडलेत

चौकी हा आपला साधा शब्द. चार खांब, वर छप्पर, आत पहारेकरी. इंग्रजांनी तो उचलला, चोकी केला आणि त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ तुरुंग झाला. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तो नोंदलेला आहे. १९८८ साली रोआल्ड डालनं लिहिलेल्या माटिल्डा या मुलांच्या गोष्टीत दुष्ट मुख्याध्यापिका पोरांना ज्या खिळ्यांच्या कपाटात कोंडते, त्याचंही नाव हेच. नातीनं ती गोष्ट वाचली आणि फोनवर मला विचारलं, आजोबा, चोकी म्हणजे काय? मी तिला यात्रेतल्या पोलीस चौकीचं सांगितलं. नवरात्रात टेकडीच्या पायथ्याशी हरवलेली लेकरं जिथं आणून बसवतात, आणि भोंग्यावरून त्यांच्या आईला हाक मारतात, ती.

६. ढेकणांच्या थेटराला विसरू नये

जुनाट, कळकट सिनेमागृहाला तिकडं फ्लीपिट म्हणतात, पिसवांचा खड्डा. आमच्याकडं तंबूतला सिनेमा यायचा. खाली माती, पुढं बाया-लेकरं, आणि मागच्या चार बाकड्यांवर ढेकणांचं राज्य. दुसऱ्या दिवशी अंगावर गांधी उठलेल्या पोरांना मी वर्गात ओळखायचो. त्या जागेला कुणी नावं ठेवली तरी आवाजात माया असायची. काही घाणेरड्या शब्दांमध्ये अशी माया असते, आणि तो शब्द बाहेरच्यानं वापरला तर मात्र राग येतो.

७. जागेचं नाव माणसाला लावलं की शिवी होते, आणि ती मी दिलेली आहे

इंग्रजीतला स्लम हा शब्द आज कायद्यात, जनगणनेत, सगळीकडं आहे. सुरुवातीला तो लंडनच्या चोर-भामट्यांच्या बोलीतला होता. जेम्स हार्डी वॉक्स या सजा झालेल्या माणसानं १८१२ मध्ये त्या बोलीचा छोटा कोश केला, त्यात स्लमचा अर्थ नुसता 'खोली' असा दिलाय. पुढं मागल्या बोळातल्या खोल्या, मग तो बोळ, मग ती सगळी वस्ती असा अर्थ फुगत गेला. १८५० ला कार्डिनल वाइजमन यांनी वेस्टमिन्स्टरच्या गरीब गल्ल्यांबद्दल लिहिताना तो वापरला आणि मग शब्द सभ्य लोकांच्या तोंडी रुळला. महाराष्ट्रात १९७१ साली झालेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात तोच बसलाय. सरकारी मराठीत त्याला गलिच्छ वस्ती असंही म्हटलं गेलं. एका भामट्याची 'खोली' दीडशे वर्षांनी आपल्याकडं 'गलिच्छ' होऊन आली.

आता माझी गोष्ट. नववीचा वर्ग, शनिवारची सकाळ. दंगा चालला होता. मी आत आलो आणि ओरडलो, "ही शाळा आहे का झोपडपट्टी?"

वर्ग चिडीचूप झाला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं मान खाली घातली. तो दंगा करणाऱ्यांत नव्हता. वही उघडून बसला होता. गावाच्या कडेला नाल्यालगत पत्र्यांची रांग होती, त्यात त्याचं घर होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा फॉर्म मीच भरून दिला होता. माझी नजर त्याच्या सदऱ्यावर गेली. पांढरा सदरा, धुऊन धुऊन कॉलर विरलेली, पण नीळ दिलेली आणि बाहीवर सरळ कडक घडी. इस्त्री त्याच्या घरी नव्हती. त्याची आई तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडानं सदरा दाबायची. बाहीच्या टोकाला करडा अर्धगोल डाग होता, निखारे जरा जास्त झाले असतील त्या दिवशीचा. त्या वर्गात त्या दिवशी त्याच्याइतका स्वच्छ कुणी आलं नव्हतं.

झोपड्यांची पट्टी, एवढाच तर शब्द आहे. कुणीतरी बघून केलेलं साधं वर्णन. मी त्याचा दगड केला आणि तो नको तिथं बसला. सोमवारी मी वर्गात उभं राहून त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण शब्द सगळ्यांसमोर वापरला होता. तो म्हणाला, "राहू द्या सर." त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुठल्याही वस्तीचं, गल्लीचं, खेड्याचं नाव रागात घेतलं नाही. दुसऱ्या शिक्षकांनी घेतलं तर त्यांना बाजूला नेऊन सांगत आलो. काहींना ते आवडलं नाही.

८. जागा साफ झाली की शब्द आपोआप गळतो

अहिल्याबाई होळकरांचं नाव अंबडला आजही घरच्यासारखं घेतलं जातं. देवीच्या देवळाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आमच्या भागात जुन्या बारवाही आहेत, घडीव दगडाच्या, पायऱ्या उतरत खाली पाण्यापर्यंत नेणाऱ्या. नळ आले, बोअर झाले आणि बारवांकडं कुणी बघेना. मग त्यांत निर्माल्य, मग बाटल्या, मग मेलेलं कुत्रं. अशाच एका बारवेला पोरं घाणविहीर म्हणायची. हे नाव त्यांनीच पाडलं होतं, आणि अगदी बरोबर पाडलं होतं.

एका उन्हाळ्यात दहा-बारा तरुणांनी ती उपसायला घेतली. मी म्हातारा माणूस, मला त्यांनी पाटी हातात घेऊ दिली नाही. मी कडेला बसून पोरांना पाणी देत होतो. पहिले चार दिवस नुसता काळा राडा निघाला. पाचव्या दिवशी गाळाखाली पायरीची कड लागली. एक जण बोटांनी माती कोरत गेला आणि कोनाडा मोकळा झाला, दिवा ठेवायचा. आत काजळीचा काळा डाग तसाच होता. सगळ्यांचं काम थांबलं आणि एकेकानं वाकून तो डाग बघितला.

पावसानंतर पाणी चढलं. तेव्हापासून घाणविहीर हे नाव माझ्या कानी आलेलं नाही. "बारवेवर चाललो" म्हणतात पोरं. कुणी त्यांना बदला म्हणून सांगितलं नव्हतं. एक विचार मात्र मनात राहून गेलाय. पवित्र पाण्याचं ते कुंड, आणि नगरपालिकेनं कोपऱ्यावर ठेवली ती कचराकुंडी. कुंडापासून कुंडीपर्यंत हा शब्द आपणच आणून सोडलाय.

९. काही नावं जागा कितीही साफ केली तरी गळत नाहीत. ती बोलायची सोडावी लागतात

गाव तेथे उकिरडा, अशी एक म्हण आहे. तिची जुळी बहीण आहे, गाव तेथे महारवाडा. अर्थ दोन्हींचा एकच, की चांगल्यातही काही वाईट असायचंच. उकिरड्याच्या जागी माणसांची वस्ती बसवून ही म्हण शेकडो वर्षं चालली. ज्या लोकांनी गावाची वेस राखली, मेलेलं ढोर ओढलं, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री चालत गेले, त्यांच्या राहण्याच्या जागेला गावानं आपल्या घाणीचं नाव केलं. म्हणींच्या याद्या करणाऱ्या मुलांना मी ती खोडायला लावायचो नाही. तिच्यापुढं "ही का वापरायची नाही" हे त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगायचो. एकदा एका मुलीनं तिथं एकच ओळ लिहिली होती. तिथं माझी आजी राहते.

२ डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी यावीत असं ठरलं. काही जण म्हणाले, नाव बदलून काय होतं, आधी नाल्या बांधा. नाल्या बांधल्याच पाहिजेत. पण ज्याच्या रेशन कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर ते नाव छापून येतं, त्याला विचारल्याशिवाय हे बोलू नये.

गेल्या वर्षी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलानं वास्तुशांतीला बोलावलं. आता तो चाळिशीत आहे, वीज मंडळात आहे. पत्र्याच्या रांगेतून आईला घेऊन तो निघाला आणि जिथं त्याच्या आजोबांचं घर होतं त्या वस्तीत त्यानं पक्कं घर बांधलं. वस्तीचं नाव कागदावर बदललेलं आहे. बसस्टँडसमोर मी रिक्षात बसलो आणि नवं नाव सांगितलं.

"कुठं आलं ते?" रिक्षावाल्यानं विचारलं. पोरगा चांगला होता, पण त्याला खरंच कळलं नव्हतं.

मी पुन्हा तेच नाव सांगितलं. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "अहो म्हणजे ते..." आणि त्यानं जुनं नाव घेतलं, सहज, पत्ता सांगावा तसं.

"मग असं सांगा की सर," रिक्षावाला म्हणाला.

जुन्या नावावर मान हलवली असती तर दोन मिनिटांत निघालो असतो. मी हलवली नाही. तिसऱ्यांदा नवं नाव घेतलं आणि म्हटलं, पाण्याच्या टाकीच्या मागं, लिंबाच्या झाडापासून डाव्या हाताला. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, ओठांतल्या ओठांत ते नाव एकदा म्हणून बघितलं आणि रिक्षा काढली.

घरासमोर मांडव होता. फाटकाच्या खांबावर निळ्या रंगात पत्ता लिहिलेला. घराचं नाव, खाली वस्तीचं नवं नाव, खाली अंबड, खाली पिनकोड. अक्षरं त्याच्या मुलीनं रंगवली होती. मी जवळ जाऊन बोट पुढं केलं तेवढ्यात ती धावत आली. "आजोबा, हात लावू नका, अजून ओलं आहे."